तिकीट न लावलेली पत्रे

तिकीट न लावता पेटीत टाकलेले पत्र पोस्ट खाते फेकून देत नाही. ते पत्त्यावर पोचवले जाते आणि ज्याच्या नावाने आले असेल त्याच्याकडून पोस्टमन दुप्पट पैसे मागतो. अशा पत्राला आपल्याकडे ‘नॉटपेड’ म्हणतात. घेणाऱ्याला ते नाकारता येते. पाकिटावरचे अक्षर पाहायचे, माणूस ओळखीचा वाटला तर पैसे मोजायचे, नाहीतर ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवायचे.

इंग्लंडमध्ये १८४० सालापूर्वी बहुतेक सगळीच पत्रे अशी असत. पैसे घेणाऱ्याने द्यायचे. मग लोक पाकिटावरच्या खुणांवरूनच निरोप समजून घेत आणि पत्र न घेता परत करत. रोलंड हिलच्या योजनेने हा व्यवहार उलटा केला. पाठवणाऱ्याने आधी एक पेनी भरायची आणि तिकीट चिकटवायचे. हिंदुस्थानात १८५४ साली अर्ध्या आण्याचे तिकीट आले. तिकिटामुळे टपाल स्वस्त आणि सोपे झाले हे आपण शाळेत शिकवतो. त्याने आणखी एक काम केले, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिकिटामुळे पाठवणाऱ्याला विचार करावा लागू लागला. ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर कोप होईल’ अशी पोस्टकार्डे आमच्या पिढीने भरपूर पाहिली आहेत. १९९० च्या सुमारास कार्ड पंधरा पैशांचे होते. अकरा कार्डांचे एक रुपया पासष्ट पैसे होत, शिवाय अकरा वेळा हाताने लिहायचे. त्यामुळे कोपाची भीती कितीही असली तरी अकरा हजार कार्डे कोणी टाकली नाहीत.

ई-मेलमध्ये हे तिकीट नाही. पाठवणाऱ्याला एक पत्र आणि एक कोटी पत्रे यांत फारसा फरक पडत नाही. खर्च पडतो तो घेणाऱ्यावर आणि मधल्या संगणकांवर. नको असलेल्या ई-मेलचा, म्हणजे ‘स्पॅम’चा, सगळा इतिहास या उलट्या फिरलेल्या हिशेबातून निघतो. त्यावरचे उपायही पाहिले, तर प्रत्येकाने आपापल्या परीने हरवलेले तिकीट शोधण्याचा प्रयत्न केलेला दिसतो.

पहिली तक्रार, पहिला गुन्हा

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या ‘अर्पानेट’ या संगणक-जाळ्यावर रे टॉमलिन्सनने १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला निरोप पाठवला. नाव आणि यंत्र यांच्यामध्ये @ हे चिन्ह घालण्याची कल्पना त्याचीच. जाळ्यावर तेव्हा थोडीच माणसे होती आणि बहुतेक एकमेकांना ओळखत होती. तरीही चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल या संशोधकाने एक छोटे टिपण लिहिले. विषय होता रद्दी टपालाचा. त्याचे म्हणणे असे, की एखादे यंत्र बिघडले किंवा खोडसाळ झाले आणि निरोपांचा भडिमार करू लागले, तर घेणाऱ्या यंत्राला ते निरोप दाराबाहेर थांबवण्याची सोयच नाही. निरोप आत घेऊन वाचल्याशिवाय तो नको आहे हे कळत नाही, आणि तोवर खर्च होऊन गेलेला असतो. म्हणजे पत्र नॉटपेड, आणि नाकारण्याची मुभाही नाही!

३ मे १९७८ रोजी प्रत्यक्ष उदाहरण घडले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क या विक्री-अधिकाऱ्याला कॅलिफोर्नियात नव्या संगणकांची प्रात्यक्षिके ठेवायची होती. अर्पानेटवरच्या लोकांची छापील सूची तेव्हा निघत असे. तीतून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे चारशे पत्ते हाताने टंकून घेतले आणि सगळ्यांना एकच आमंत्रण धाडले. पत्त्यांसाठी ठेवलेली जागा पुरली नाही, तेव्हा उरलेले पत्ते सरळ मजकुरात उतरले. वाचणाऱ्यांना आधी पानभर पत्ते आणि मग जाहिरात, असा प्रकार झाला. जाळे सरकारी कामापुरते होते. देखरेख करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने कडक शब्दांत समज दिली. थर्कचा मात्र पुढे दावा असे, की त्या एका पत्राने कंपनीची लक्षावधी डॉलरची यंत्रे खपली. तो खरा असेल तर समज देऊन काय होणार होते, ते उघडच आहे.

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेलनेच ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहून काढले. आजही ई-मेल मूलतः त्याच नियमांवर चालते. दोन यंत्रांचे संभाषण असे होते: मी अमुक यंत्र बोलतोय, पत्र अमक्याकडून आहे, तमक्याला द्यायचे आहे, हा घ्या मजकूर. ‘अमक्याकडून’ हे जे सांगितले जाते, ते खरे आहे का हे तपासण्याची तरतूद त्यात नव्हती. आंतर्देशीय पत्रावर ‘पाठवणार’ या चौकटीत कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे. यासाठी पोस्टेलला दोष देणे आम्हाला बरोबर वाटत नाही. कोणाचीही परवानगी न घेता कोणीही कोणालाही लिहू शकेल, हे त्या रचनेचे बळ होते. याच मोकळेपणामुळे ई-मेल जगभर पसरले. दार उघडे ठेवल्यावर कोण कोण आत येईल, हा पुढचा प्रश्न.

‘स्पॅम’ हे मूळचे डबाबंद मांसाचे नाव. १९३७ पासून अमेरिकेत मिळणारा हा पदार्थ. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७० सालच्या एका प्रहसनात खानावळीतल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असते, आणि शेवटी त्या शब्दाच्या गजरात कोणाला कोणाचे बोलणे ऐकू येईनासे होते. संगणकवाल्यांनी तिथून तो उचलला.

हा शब्द जगभर झाला तो १२ एप्रिल १९९४ च्या प्रकरणाने. अमेरिकेतल्या अॅरिझोनातील कँटर आणि सिगल या वकील दांपत्याने ‘ग्रीन कार्ड लॉटरी’ची जाहिरात यूजनेटवर टाकली. यूजनेट म्हणजे विषयवार सूचनाफलकांचे जगभरचे जाळे. एका छोट्या प्रोग्रामच्या साहाय्याने त्यांनी ती पाच हजारांहून अधिक फलकांवर सुटी सुटी लावली. त्यामुळे खगोलशास्त्राचा फलक असो की स्वयंपाकाचा, वाचकाला दर ठिकाणी तीच जाहिरात पुन्हा दिसे. गंमत अशी, की या सोडतीस अपात्र देशांची यादी जाहिरातीतच होती आणि तीत भारताचे नाव होते. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना ती जाहिरात अक्षरशः बिनकामाची होती, पण वाचावी त्यांनाही लागली. लोकांनी चिडून इतकी निषेधपत्रे पाठवली की त्या वकिलांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रे कोलमडली. वकील मात्र बधले नाहीत. इंटरनेटवर पैसे कसे मिळवावेत यावर त्यांनी पुस्तकच लिहिले.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे फार तर बाराशे अक्षरे उतरत. पस्तीसेक किलोबाइटची एक जाहिरात उतरायला अर्धा मिनिट लागे. त्या अर्ध्या मिनिटात टेलिफोनचे मीटर पळत असे आणि विकत घेतलेल्या तासांतूनही तेवढा वेळ जाई. ‘घेणाऱ्याने पैसे द्यायचे’ हे त्या काळात आपल्याकडे उपमा म्हणून म्हणायची गरज नव्हती. ते बिलात दिसत होते.

काळ्या याद्या आणि कोड्याचे तिकीट

पहिला उपाय साधा होता. त्रास देणाऱ्या यंत्रांची यादी करायची आणि त्यांचे काहीच घ्यायचे नाही. १९९७ साली पॉल व्हिक्सी आणि सहकाऱ्यांनी अशी सार्वजनिक यादी चालू केली. कोणत्याही यंत्राला पत्र घेण्यापूर्वी क्षणात ती विचारता येई. उपाय परिणामकारक होता, पण त्याचा वार बोथट. एका पुरवठादाराकडे हजार ग्राहक असावेत, त्यांतल्या दोघांनी स्पॅम पाठवावे आणि बाकीच्या ९९८ जणांची पत्रेही अडावीत, असे होई. गावातल्या दोन पोरांनी दगड मारले म्हणून एस.टी.ने त्या गावचा थांबाच बंद करावा, तशातली ही गोष्ट.

दुसरा उपाय अधिक बुद्धिमान होता. १९९२ साली सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोन संशोधकांनी सुचवले, की पैशाचे तिकीट नको, श्रमाचे लावू. पत्र पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकाने एक कोडे सोडवायचे. ते सोडवायला वेळ लागावा, पण उत्तर बरोबर आहे का हे तपासायला जवळजवळ काहीच लागू नये. १९९७ साली अॅडम बॅकने ‘हॅशकॅश’ या नावाने असे कोडे प्रत्यक्षात आणले. कुलूप उघडेपर्यंत एकेक आकडा लावून पाहण्यासारखे ते आहे. कोड्यात वीस बिटे जुळवायची असतील तर सरासरी २ चा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ वेळा प्रयत्न करावा लागतो. एका पत्राला हा वेळ जाणवतही नाही; कोटी पत्रांना तो झेपणार नाही, अशी कल्पना.

ती चालली नाही. स्पॅमवाले तोवर स्वतःची यंत्रे वापरतच नव्हते. घरोघरच्या लोकांच्या संगणकांत चोरून प्रोग्राम घुसवायचे आणि मालकाच्या नकळत त्यांच्याकडून पत्रे पाठवून घ्यायची, हा त्यांचा धंदा झाला होता. कोडे सोडवण्याचे श्रमही मग त्या बिचाऱ्या मालकाच्या संगणकाचेच. उलट आपल्या चार हजार वर्गणीदारांना मनापासून पत्र पाठवणाऱ्या एखाद्या लहान मासिकाला ते तिकीट भारी पडले असते. जाता जाता सांगायचे, तर हॅशकॅशचे कोडे वाया गेले नाही. २००८ साली बिटकॉइनची जी कल्पना मांडली गेली तिच्या पोटात हेच कोडे आहे. स्पॅम थांबवायला काढलेली युक्ती अशी भलत्याच कामाला लागली.

मोजणारी चाळणी

आता ज्या उपायाने खरा फरक पडला त्याकडे वळू. अकरावी-बारावीच्या गणित शिक्षकांना त्याचे विशेष अप्रूप वाटावे.

सुरुवातीच्या चाळण्या नियमांवर चालत. विषयात अमुक शब्द असेल तर पत्र टाकून दे, वगैरे. नियम माणसाने लिहायचे, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाने ते चुकवायचे. १९९८ साली मेहरान सहामी आणि सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता दाखवला: नियम लिहू नका, मोजा. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम या प्रोग्रामरने हाच विचार सोप्या रूपात मांडला आणि तो जगभर पसरला. त्याने स्वतःकडची सुमारे चार हजार रद्दी पत्रे आणि चार हजार चांगली पत्रे घेतली, आणि कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो हे संगणकाला मोजायला लावले. यामागचे गणित अठराव्या शतकातले. थॉमस बेझ हा इंग्लंडमधला एक धर्मोपदेशक १७६१ साली वारला. त्याच्या कागदांतला संभाव्यतेवरचा निबंध त्याच्या मित्राने १७६३ साली छापून आणला.

आपण लहान आकड्यांनी करून पाहू. समजा आपल्याकडे रद्दी आणि चांगली अशी चारशे-चारशे पत्रे आहेत. ‘बक्षीस’ हा शब्द रद्दीतल्या ८० पत्रांत आणि चांगल्यांपैकी २० पत्रांत सापडला. गुणोत्तर ४ : १. ‘ताबडतोब’ हा शब्द रद्दीत ६०, चांगल्यांत २०; गुणोत्तर ३ : १. आता एक नवे पत्र आले, त्यात हे दोन्ही शब्द आहेत. दोन शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले तर गुणोत्तरांचा गुणाकार करायचा. १२ : १ येते. म्हणजे पत्र रद्दी असण्याची संभाव्यता तेरात बारा, साधारण ९२ टक्के. टाकून द्यावे की काय?

थांबा. पत्रात तिसरा शब्द आहे ‘चाचणी’. तो रद्दीत फक्त दोनदा आणि चांगल्या पत्रांत ९८ वेळा आलेला आहे. गुणोत्तर १ : ४९. पुन्हा गुणाकार केला की १२ : ४९. संभाव्यता एकदम २० टक्क्यांवर घसरली. पत्र कदाचित ‘चाचणी परीक्षेतील बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची नावे ताबडतोब कळवावीत’ असे असेल. ‘बक्षीस आले की टाक’ हा नियम लिहिणाऱ्या माणसाने ते घालवले असते. मोजणाऱ्या चाळणीने वाचवले.

शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत हे गृहीतक खोटेच आहे. ‘घटक’ आला की ‘चाचणी’ येण्याची शक्यता वाढतेच. म्हणून या पद्धतीला ‘भोळा बेझ’ म्हणतात. तरीही तो चांगले काम करतो, कारण नेमकी टक्केवारी चुकली तरी पत्र कोणत्या बाजूचे हे बहुधा चुकत नाही.

ग्रॅहॅमला मोजणीत जे सापडले ते कोणाच्या नियमात आले नसते. पत्रातली अक्षरे भडक लाल करण्यासाठी जो संकेत वापरतात, तो रद्दीची खूण म्हणून अश्लील शब्दांइतकाच पक्का निघाला. उलट इंग्रजीतले ‘आज रात्री’, ‘जरी’ अशा अर्थाचे घरगुती शब्द पत्र खरे असल्याची साक्ष देत होते. जाहिरातदार असे बोलत नाही, माणूस बोलतो.

त्याने आणखी एक गोष्ट केली, ती आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते. चांगल्या ढिगातल्या शब्दांची मोजणी त्याने मुद्दाम दुप्पट धरली. रद्दी पत्र चाळणीतून निसटले तर एक क्षण जातो. चांगले पत्र अडकले तर नोकरीचे बोलावणे, शिष्यवृत्तीची मुदत, आजारपणाची बातमी जाऊ शकते. आणि ते गेल्याचे आपल्याला कळतही नाही. दोन चुका सारख्या नाहीत, हे त्याने गणितातच घातले. चाळणी किती रद्दी पकडते एवढेच सांगणाऱ्या जाहिरातीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. किती चांगली पत्रे अडकली, हा आकडा विचारावा.

दुसरी बाजू अर्थातच गप्प बसली नाही. शब्द मुद्दाम चुकीचे लिहिणे, मधे आकडे घालणे, मजकूर चित्रात लपवणे, खाली कुठल्यातरी कादंबरीतले उतारे चिकटवणे असे सगळे झाले. पण शब्द मोडून लिहिला की तो मोडका शब्दच पुढच्या मोजणीत पक्का पुरावा ठरे, कारण खऱ्या पत्रात तो येतच नाही. बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असे भाकीत केले होते. तसे काही झाले नाही. आजही जगातल्या ई-मेलपैकी निम्म्याच्या आसपास पत्रे स्पॅमच असतात. आपल्यापर्यंत पोचतात ती थोडी.

कायद्याने काय साधले?

फार नाही. युरोपने २००२ साली ‘आधी संमती, मग जाहिरात’ असे तत्त्व ठरवले. अमेरिकेचा कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू झाला; त्यात संमती लागत नाही, मात्र नाव-पत्ता खरा द्यावा लागतो आणि ‘नको’ म्हटल्यावर थांबावे लागते. दोन्ही कायदे पाळणारे पाळतात. चोरलेल्या संगणकांवरून तिसऱ्याच देशातून लिहिणाऱ्याला ते लागू करायचे कसे?

आपल्याकडचा अनुभव वेगळाच आणि कडू आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले. त्रास देण्यासाठी, गैरसोय करण्यासाठी किंवा उगमाबद्दल फसवण्यासाठी पाठवलेला ई-मेल हा त्यातला एक गुन्हा होता. स्पॅमला लागू पडेल असे शब्द खरे तर हेच. पण ‘त्रास’ म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना या कलमाखाली अटक झाली. एकीने मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या आवडल्याचे दर्शवले होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चाळणीच्या भाषेत बोलायचे तर रद्दी सगळी निसटली आणि खरी पत्रे अडकली. केवळ ई-मेल स्पॅमसाठी असा वेगळा कायदा आपल्याकडे आजही नाही. १९०९ या क्रमांकावर जी नोंद करता येते ती फोन आणि मोबाइल संदेशांपुरती.

पैशाचा माग

हा धंदा इतका चालतो तरी कसा, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली शोधले. ‘स्टॉर्म’ नावाच्या चोरट्या संगणक-जाळ्याच्या एका लहान भागात शिरून त्यांनी पत्रांतला दुकानाचा पत्ता बदलला आणि गिऱ्हाइके आपल्या खोट्या दुकानाकडे वळवली. पैसे घेतले नाहीत, नुसते मोजले. सव्वीस दिवसांत औषधांच्या जाहिरातीची सुमारे ३४ कोटी ७० लाख पत्रे गेली. खरेदीपर्यंत पोचलेली माणसे अठ्ठावीस. सव्वा कोटी पत्रांमागे एक!

त्या अठ्ठावीस जणांची एकूण खरेदी झाली असती २,७३१ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने लाख-सव्वा लाख रुपये. आता वर्गात एक हिशेब घालावा. प्रत्येक पत्राला फक्त एक पैशाचे तिकीट असते तर? ३४ कोटी ७० लाख पैसे म्हणजे ३४ लाख ७० हजार रुपये खर्च आणि सव्वा लाख उत्पन्न. दिवाळे निघाले असते. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाने जे काम गुपचूप केले होते ते इथे आकड्यात दिसते.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला सॅन होजे इथल्या ‘मॅकोलो’ या एका कंपनीची जोडणी तोडण्यात आली. अनेक चोरट्या जाळ्यांना हुकूम सोडणारी यंत्रे तिच्याकडे होती. जगातले स्पॅम एका रात्रीत अंदाजे दोन तृतीयांशाने घटले. काही महिन्यांत ते परत चढले, पण रोगाची मुळे फार थोड्या जागी असतात हे कळले. २०११ साली त्याच संशोधकांच्या गटाने स्पॅममधून जाहिरात होणाऱ्या वस्तू खरोखरच मागवल्या. औषधांची काही पाकिटे भारतातून निघालेली होती. पैसे कोणत्या बँकेत जमा होतात हे पाहिले, तर ९५ टक्के मालाचे पैसे अवघ्या तीन बँकांतून जात होते. पत्रे पाठवणारी यंत्रे लाखो, पण गल्ले तीन. मग मालाच्या खऱ्या उत्पादकांनी कार्ड-कंपन्यांकडे तक्रारी करून ती खाती बंद पाडायला सुरुवात केली, आणि चाळण्यांनी जे झाले नव्हते ते झाले: कित्येक दुकानांना पैसे घेणेच अशक्य झाले.

शिपाई, मोहर आणि दारावरची सूचना

पाठवणाऱ्याचे नाव तपासायची सोय नाही, ही १९८२ ची उणीव भरायला आणखी बराच काळ लागला. तीन थर आले. पहिल्यात संस्था आपल्या नावापुढे जाहीर करते, की आमची पत्रे फक्त या या यंत्रांकडून येतील. आमची पत्रे हे दोनच शिपाई आणतात, दुसऱ्या कोणाच्या हातून आली तर घेऊ नका, असे शाळेने कळवावे तसे. याला ‘एसपीएफ’ म्हणतात. २००६ साली तो अधिकृतपणे लिहिला गेला. दुसरा थर ‘डीकेआयएम’, २००७. ही लाखेची मोहर. मजकुरावर गणिती सही असते, वाटेत अक्षर बदलले तर मोहर मोडते. तिसरा ‘डीमार्क’, २०१२ पासून. हातही भलता आणि मोहरही नाही, अशा पत्राचे काय करायचे, याची ती सूचना.

मोहर आहे म्हणजे पत्र चांगले असे मात्र नाही. चोरही स्वतःच्या नावाची मोहर करू शकतो. एवढेच, की तो तुमच्या बँकेच्या नावाची करू शकत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही थर, आणि एका बटणाने ‘नको’ म्हणण्याची सोय, सक्तीची केली. आम्ही याचे स्वागत करतो, पण थोड्या काळजीने. जगातली फार मोठी टपालपेटी आता दोन-चार कंपन्यांच्या हाती आहे, आणि कोणते पत्र पोचावे हे व्यवहारात तेच ठरवतात. स्वतःचे छोटे यंत्र चालवणाऱ्या शाळेचे किंवा संस्थेचे पत्र निमूटपणे स्पॅमच्या कप्प्यात पडते, आणि दाद कोठे मागायची ते कळत नाही. कोणीही कोणालाही लिहू शकेल ही मूळ गोष्ट यात झिजते आहे.

तेव्हा शाळेच्या नावाचा स्वतंत्र पत्ता असेल तर तो बसवून देणाऱ्याला हे तीन थर लावले आहेत का, हे जरूर विचारावे. तीनशे पालकांना परिपत्रक पाठवताना सगळे पत्ते उघड्या रकान्यात घालू नयेत, ‘बीसीसी’त घालावेत, नाहीतर १९७८ सालच्या त्या पत्रासारखी पत्त्यांची आयती सूची घरोघर जाते, आणि त्यांतल्या एका संगणकात चोर असला तरी पुरते. दुकानांना, स्पर्धांना, नोंदणीला देण्यासाठी वेगळा पत्ता ठेवावा. अनोळखी पत्राला ‘पाठवू नका’ असे उत्तरही देऊ नये, कारण त्यातून पत्ता जिवंत असल्याचे कळते. ओळखीच्या संस्थेच्या पत्रातले ‘नको’चे बटण मात्र खुशाल दाबावे. रद्दी पत्र नुसते पुसून टाकण्याऐवजी ‘स्पॅम’ असा शेरा मारावा आणि आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडून अडकलेली चांगली पत्रे ‘स्पॅम नाही’ म्हणून बाहेर काढावीत. चाळणी या शेऱ्यांवरूनच शिकते. परदेशातली पत्रे मोजून बनवलेल्या चाळणीला ‘घटक चाचणी’ हा आपल्या बाजूचा साक्षीदार आहे हे कोण सांगणार? आपल्यालाच सांगायला हवे.

वर्गात करायचे असेल तर शिक्षकांनी आपल्या स्पॅमच्या कप्प्यातली पन्नास पत्रे स्वतः वाचून, मुलांना दाखवण्याजोगी निवडून, कागदावर उतरवून घ्यावीत. त्यांतल्या दुव्यांना हात लावू नये. पन्नास चांगली पत्रेही घ्यावीत. चाळीस-चाळीस पत्रांतले दहा-बारा शब्द मुलांनी मोजावेत, गुणोत्तरे काढावीत आणि बाजूला ठेवलेल्या दहा-दहा पत्रांवर चाळणीची परीक्षा घ्यावी. मोजलेल्याच पत्रांवर परीक्षा घेतली तर ती पेपर फुटल्यासारखी होते. एक अडचण हमखास येईल. एखादा शब्द एका ढिगात एकदाही सापडणार नाही, गुणोत्तरात शून्य येईल, आणि त्या एका शब्दापुढे बाकी सगळ्या शब्दांची साक्ष फुकट जाईल. अशा वेळी प्रत्येक शब्द दोन्ही ढिगांत आधीच एकेकदा आलेला आहे असे धरून मोजायला सुरुवात करावी.